छोटा ट्रान्सफॉर्मरच का तापतो?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत ट्रान्सफॉर्मरबद्दलचे प्रश्न बरेच आहेत, म्हणून या वेळचं सगळं पान त्यांनाच दिलंय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय पण ते तसंच ठेवलं, कारण तीच गोष्ट मी खेडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कितीतरी ठिकाणी बघितलीय.

प्रश्न : नमस्कार काका. आमचा बर्फाचा कारखाना आहे, रत्नागिरीत बंदराजवळ. आधी ३१५ केव्हीएचा एकच ट्रान्सफॉर्मर होता, मग दोन नवीन अमोनिया कॉम्प्रेसर घेतले तेव्हा ५०० केव्हीएचा आणखी एक बसवला आणि दोन्ही एकाच एलटी (म्हणजे ४३३ व्होल्टच्या बाजूच्या) पॅनलवर जोडून घेतले. हिशोब असा होता की ३१५ अधिक ५०० म्हणजे ८१५ केव्हीए झाले आणि आमचा जास्तीत जास्त लोड ७५० आहे, म्हणजे आरामात चालायला पाहिजे. पण जुना ट्रान्सफॉर्मर भयंकर तापतो, हात लाववत नाही, आणि नवीन मात्र कोमट. टाँग टेस्टरने मोजलं तर जुन्यावर ४४० अँपिअर आणि नव्यावर ५६० अँपिअर आले. वायरिंगवाला म्हणतो जुन्याचा टॅप एक घर खाली घ्या, लोड आपोआप नव्यावर जाईल. घेऊ का? जुन्याच्या नेमप्लेटवर इंपिडन्स ४ टक्के लिहिलंय, नव्याच्या ५ टक्के, त्याचा काही संबंध आहे का?

उत्तर : संबंध आहे, आणि तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत जे सहज लिहून टाकलंत तेच तुमच्या दुखण्याचं मूळ आहे.

आधी आकडे नीट लावू. केव्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मर किती लोड झेलू शकतो त्याचं माप. ३१५ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा ४३३ व्होल्टच्या बाजूचा पूर्ण करंट ४२० अँपिअर, ५०० चा ६६७ अँपिअर. म्हणजे तुमचा जुना ४४० वर चाललाय, १०५ टक्के, आणि नवीन ५६० वर, ८४ टक्के. एक ओव्हरलोड आणि दुसऱ्याच्या अंगात अजून शंभर अँपिअरची जागा शिल्लक, आणि तरीही तो मदतीला येत नाही. तुम्हाला वाटतं लोड केव्हीए बघून वाटला जातो, पण करंटला केव्हीए कळत नाही, त्याला फक्त वाटेतली अडवणूक कळते.

आगरात एकाच टाकीतून दोन पाट काढले आणि दोन्ही पुढे जाऊन एकाच अळ्यात सोडले तर पाणी कसं वाटलं जाईल? ज्या पाटात गवत कमी, गाळ कमी, त्यातून जास्त जाणार, आपण कितीही म्हटलं की दुसरा पाट नवीन खणलाय त्यातून जास्त जाऊ दे. ट्रान्सफॉर्मरच्या आतली ती अडवणूक म्हणजे इंपिडन्स. नेमप्लेटवर ती टक्क्यात लिहितात आणि ते टक्के त्या त्या ट्रान्सफॉर्मरच्या स्वतःच्या केव्हीएवर असतात, म्हणून वाटणी काढायची रीत अशी की प्रत्येकाच्या केव्हीएला त्याच्या टक्क्याने भागायचं आणि जे येतं त्या प्रमाणात लोड जातो. तुमच्याकडे ३१५ भागिले ४ म्हणजे ७८.७५, आणि ५०० भागिले ५ म्हणजे १००. बेरीज १७८.७५. आता ७५० केव्हीए लोड या प्रमाणात वाटा, जुन्यावर येतात ३३० आणि नव्यावर ४२०. ३३० केव्हीए म्हणजे ४४० अँपिअर. तुमच्या टाँग टेस्टरने अगदी बरोबर दाखवलंय, मीटर चांगला आहे, जपून ठेवा.

यातून दुसरी गोष्ट निघते. जुना बरोबर १०० टक्क्यांवर येईल तेव्हा एकूण लोड किती असेल? हिशोब केला तर ७१५ केव्हीए. म्हणजे तुम्ही पैसे ८१५ केव्हीएचे मोजलेत आणि वापरायला मिळतात ७१५. मधले १०० केव्हीए फक्त त्या ४ आणि ५ च्या फरकात गेले. नवीन घेताना ऑर्डरमध्ये एक ओळ लिहिली असती, की आमच्या जुन्याचा इंपिडन्स ४ टक्के आहे, नवीन त्याला जुळता बनवून द्या, तर हे झालं नसतं. हे मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही, जे आता घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. आणि जुळता सांगितला तरी भारतीय मानकाप्रमाणे इंपिडन्समध्ये १० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ५ चा सांगितलेला साडेपाचही येऊ शकतो आणि साडेचारही, म्हणून कोटेशनमधला आकडा धरून बसायचं नाही, टेस्ट रिपोर्टमधला मोजलेला आकडा मागून घ्यायचा.

बरं, १०५ टक्के म्हणजे पाचच टक्के जास्त, त्याने एवढं काय होतं, असं बरेच जण म्हणतात. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ५ टक्के जास्त करंट म्हणजे १० टक्के जास्त उष्णता. आणि आतल्या कागदाच्या इन्शुलेशनचं असं आहे की वाइंडिंगमधली सगळ्यात तापणारी जागा दर ६ अंशांनी वाढली की त्याच्या म्हातारं होण्याचा वेग दुप्पट होतो. थंडीत दोन तास असा लोड आला तर मी काही म्हणणार नाही, पण तुमच्याकडे कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतात आणि एप्रिल-मे मध्ये इथली हवा कशी असते ते तुम्ही जाणता, रात्रीसुद्धा गारवा नाही. तेव्हा हे असंच चालू ठेवू नका.

आता टॅपचं. घेऊ नका. इथे थोडं सविस्तर लिहितो कारण हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो फसवा आहे, कारण कधी कधी मीटरवर तो लागू पडल्यासारखा दिसतो. टॅप म्हणजे वाइंडिंगचे फेरे कमीजास्त करायचा स्विच, तो एक घर हलवला की त्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज साधारण अडीच टक्के बदलतं. आता दोन टाक्या अशा धरा की एकातलं पाणी दुसरीपेक्षा वीतभर वर आहे आणि तळाशी दोन्ही पाइपाने जोडल्यात. बाहेरचे सगळे नळ बंद असले तरी पाणी एकीतून दुसरीत वाहत राहणार. ट्रान्सफॉर्मरमध्ये याला सर्क्युलेटिंग करंट म्हणतात, हा फक्त दोघांच्या मध्येच गोल फिरतो, तुमच्या एकाही कॉम्प्रेसरला त्याचा उपयोग नाही. तुमच्या जोडीत तो किती येईल? ५०० वाल्याचे ५ टक्के ३१५ च्या मापावर आणले तर ३.१५ टक्के, त्यात जुन्याचे ४ मिळवा, ७.१५. अडीचला ७.१५ ने भागलं की ०.३५, म्हणजे जुन्याच्या पूर्ण करंटच्या ३५ टक्के, जवळपास १४७ अँपिअर. कारखाना पूर्ण बंद असताना, एक दिवासुद्धा लागलेला नसताना, १४७ अँपिअर.

हा करंट जवळजवळ सगळा रिअॅक्टिव्ह असतो, म्हणजे किलोवॅट तो इकडचे तिकडे नेत नाही. तुमचा पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी किती भाग किलोवॅट म्हणून खरा कामाला येतो तो) ०.८ असता तर टॅप हलवल्यावर जुन्यावरचे अँपिअर खरंच कमी दिसले असते, कारण त्याच्या वाट्याचा रिअॅक्टिव्ह भाग नव्यावर ढकलला गेला असता, आणि वायरिंगवाला म्हणाला असता बघा मी सांगितलं होतं. पण एचटी (११ केव्हीसारख्या जास्त दाबावर वीज घेणाऱ्या) ग्राहकांचं बिल आता केव्हीएएचवर, म्हणजे रिअॅक्टिव्ह भागासकट, येतं त्यामुळे तुमच्याकडे पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं एपीएफसी पॅनल असणारच आणि पॉवर फॅक्टर ०.९८ च्या आसपास असणार. तिथे हा उपाय करून बघितला, कागदावर, तर जुना ३३० केव्हीएवरून फक्त ३२७ वर येतो आणि नवीन ४२० वरून ४५५ वर जातो. म्हणजे जुन्याचं दुखणं होतं तिथेच आणि नव्यावर फुकटचा भार. आणि रात्री लोड कमी झाला तरी तो १४७ अँपिअर काही कमी होत नाही, तो चोवीस तास फिरतो आणि तापवतो.

उलट तुम्ही एक तपासा, दोन्हीचे टॅप आत्ता तरी जुळलेले आहेत ना. टॅपचा नंबर बघून समाधान मानू नका, एका कंपनीच्या तीन नंबरला जे व्होल्टेज असतं ते दुसरीच्या तीन नंबरला असेलच असं नाही, नेमप्लेटवर टॅपचा तक्ता असतो त्यातला व्होल्टेजचा आकडा जुळवा. आणि हा टॅप स्विच सप्लाय बंद करूनच फिरवायचा असतो, चालू ट्रान्सफॉर्मरवर फिरवला तर आत आर्क होतो, हे लिहायला लागू नये पण लिहितो.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर बस कपलर (पॅनलचे दोन भाग जोडणारा स्विच) उघडा ठेवला असता, म्हणजे पॅनलचे दोन भाग, एक ५०० वर आणि एक ३१५ वर, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. लोडची विभागणी आपण स्वतः करायची, नवे दोन कॉम्प्रेसर आणि ब्राइनचे पंप ५०० वर जातील असं बघून साधारण ४६० केव्हीए तिकडे आणि २९० केव्हीए इकडे ठेवायचं, दोन्ही ९२ टक्क्यांच्या आसपास येतात. दोन्ही इन्कमर (ट्रान्सफॉर्मरकडून पॅनलमध्ये येणारे मुख्य ब्रेकर) आणि कपलर यांच्यात इंटरलॉक लावून घ्या की तिन्ही एका वेळी चालू होऊच नयेत. एक ट्रान्सफॉर्मर बंद पडला तर कपलर लावून दुसऱ्यावर गरजेपुरता लोड चालवता येतो.

कपलर उघडा ठेवण्याचं आणखी एक कारण आहे आणि मला विचाराल तर ते तापण्यापेक्षा मोठं आहे. तुमचं पॅनल जुनं आहे, ३१५ चा एकटाच असतानाचं. तेव्हा बसबारवर शॉर्ट झाला असता तर जास्तीत जास्त ४२० भागिले ०.०४ म्हणजे साडेदहा किलोअँपिअर करंट आला असता. नवीन एकट्याचा येतो १३.३ किलोअँपिअर. दोन्ही एकत्र जोडलेत म्हणजे आता शॉर्टमध्ये जवळपास २४ किलोअँपिअर येणार, वरची लाइन आणि केबल यांची अडवणूक धरली तर थोडे कमी. पॅनलमधले जुने एमसीसीबी (ब्रेकर) किती किलोअँपिअर तोडू शकतात ते त्यांच्यावर लिहिलेलं असतं, बघून घ्या. १६ चे असतील तर साडेदहाला ते पुरत होते, एकट्या १३.३ लाही पुरतील, २४ ला नाही. ज्या ब्रेकरला झेपत नाही एवढा करंट तोडायला लागतो तो ट्रिप होत नाही, फुटतो, आणि तेव्हा पॅनलसमोर तुमचा ऑपरेटर उभा असतो. हे तपासेपर्यंत कपलर लावू नका, उघडाच ठेवा, एवढी विनंती.

एक राहिलं. तुम्ही जोडताना व्हेक्टर ग्रुप, म्हणजे वरच्या आणि खालच्या वाइंडिंगच्या व्होल्टेजमध्ये किती अंशांचा फरक आहे ते, बघितला होता का ते लिहिलेलं नाही, पण दोन्ही चालू आहेत म्हणजे जुळला असणार, नाहीतर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. आपल्याकडे ११ केव्ही ते ४३३ व्होल्टचे बहुतेक ट्रान्सफॉर्मर डीवायएन-११ असतात. त्याच्या शेजारी डीवायएन-१ जोडला तर दोघांच्या व्होल्टेजमध्ये ६० अंशांचा फरक, आणि मग तुमच्या जोडीसारख्या ठिकाणी जुन्याच्या पूर्ण करंटच्या चौदापट करंट दोघांत फिरेल, म्हणजे सरळ शॉर्टच. माझ्या डोळ्यांसमोर एका कारखान्यात असं झालंय, तिथे ग्रुप बरोबर होता पण पावसात केबल खराब झाली म्हणून रात्री घाईत नवीन टाकली आणि दोन फेज उलटसुलट झाल्या, कोणी मोजलं नाही, कपलर ओढला आणि अख्ख्या शेडमध्ये निळा उजेड पडला. माणसं वाचली. तेव्हापासून मी कितीही घाई असली तरी कपलर किंवा दुसरा इन्कमर लावण्याआधी त्याच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलवर व्होल्टमीटर लावतो, न्यूट्रल दोन्हीकडचे जोडलेले पाहिजेत. आर, वाय, बी ही तीन फेजची नावं, त्यात आर ला आर शून्याच्या जवळ, वाय ला वाय तसंच, बी ला बी तसंच, आणि इकडचा आर तिकडच्या वायला ४३३ च्या आसपास. आर-आर वर २५० दाखवलं तर ६० अंशांचा फरक आहे असं समजायचं आणि हात मागे घ्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. वाडीला दोन डीपी आहेत, वरची ६३ ची आणि खालची १०० ची. गणपतीत चाकरमानी आले की खालच्या डीपीचे फ्यूज सारखे जातात, मग आमच्यातली दोन-चार मुलं मधल्या खांबावर जंपर मारून वरची आणि खालची लाइन जोडून टाकतात. तेवढ्यापुरतं चालतं. याला पॅरलल म्हणतात का, आणि हे करण्यात काही धोका आहे का? माझा मुलगाही त्यात असतो म्हणून विचारते.

उत्तर : ताई, विचारलंत हे फार बरं केलंत, आणि हे उत्तर मुलाला वाचायला द्या. हो, दोन ट्रान्सफॉर्मर एकाच लाइनला जोडले की विजेच्या भाषेत ते पॅरललच. आणि धोका एवढा आहे की मी हे पान फक्त तुमच्या पत्रासाठी लिहिलं असतं.

ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. वरून ११ हजार व्होल्ट दिले की खाली ४३३ मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण खालून ४३३ दिले तर वर ११ हजार तयार होतात हे वाडीत कोणाच्या डोक्यात येत नाही. आता समजा मुलांनी जंपर मारलाय. लाइनमन खालच्या डीपीवर काम करायला येतो, त्याला जंपरचं काही माहीत नाही, तो खालच्या डीपीचा ११ हजारांच्या बाजूचा एबी स्विच उघडतो, तिथलेच डीओ फ्यूज काढतो आणि त्याच्या दृष्टीने डीपी मेली. पण वरच्या डीपीतून जंपरवाटे एलटी लाइन जिवंत आहे, तीच खालच्या ट्रान्सफॉर्मरच्या ४३३ च्या बाजूला येते, आणि ज्या बुशिंगला (तार जोडायच्या चिनी मातीच्या खुंटीला) तो हात लावणार तिथे ११ हजार व्होल्ट उभे असतात. त्याला वाचायला एकच गोष्ट असते, काम सुरू करण्याआधी तिथे लाइन टेस्ट करून दोन्ही बाजूंना अर्थिंग लावणं. ते त्याने करावंच, पण त्याच्या एका चुकीवर त्याचा जीव टांगून ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. तो पण कोणाच्या तरी घरचा मुलगा आहे, आणि गणपतीत भर पावसात तुमच्यासाठीच खांबावर चढलेला असतो. आणि जंपर मारणारी मुलं स्वतः उघड्या, चालू तारेवर काम करतात ते वेगळंच.

जनरेटरचंही हेच. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती आणि तेव्हापासून घरोघर, होमस्टेमध्ये जनरेटर आले, ते चांगलंच झालं. पण जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय थेट घरच्या बोर्डात खोचला तर तोही मीटरमधून मागे लाइनवर आणि लाइनवरून ट्रान्सफॉर्मरवर जातो. चेंजओव्हर स्विच असा असतो की घर एकतर लाइनवर नाहीतर जनरेटरवर, दोन्हीवर कधीच नाही. तो नसेल तर जनरेटर लावू नका.

दुसरं, या जंपरने तुमचं काम तरी होतं का? १०० केव्हीएचा पूर्ण करंट १३३ अँपिअर आणि ६३ चा ८४. खालच्या डीपीचा फ्यूज गेलेला असताना जंपर मारला तर खालच्या घरांचा बराचसा लोड त्या बिचाऱ्या ८४ अँपिअरवाल्यावर जातो. दोन्ही फ्यूज शाबूत असताना मारला तरी वाटणी ट्रान्सफॉर्मरच्या आकारावर होत नाही, कुठलं घर कुठल्या डीपीला किती जवळ आणि मधली तार किती जाड यावर होते. मग दुसऱ्या दिवशी वरचीही जळते आणि अख्खी वाडी आरतीला अंधारात. म्हणूनच एकाच गावात दोन ट्रान्सफॉर्मर असले तरी त्यांच्या लाइनी वेगळ्या ठेवतात, एकाचा फॉल्ट दुसऱ्याला लागत नाही आणि लाइनमनला कळतं की कुठला स्विच उघडला की काय मेलं.

करायचं ते हे, ग्रामपंचायतीतून अर्ज द्या की गणपती आणि मे महिन्यातला लोड मोजून खालच्या डीपीची क्षमता वाढवा किंवा काही घरं वरच्या डीपीवर कायमची वळवा. अर्ज एप्रिलमध्ये गेला पाहिजे, गणपतीच्या आदल्या आठवड्यात गेलेल्या अर्जाचं काही होत नाही. आणि तोपर्यंत तिन्ही फेजवर घरं सारखी वाटलेली आहेत का ते लाइनमनकडून बघून घ्या, बऱ्याच वेळा एकाच फेजवर निम्मी वाडी असते आणि फ्यूज त्याच फेजचा जात असतो. तसं असेल तर नुसती वाटणी सुधारून गणपती पार पडतील.

प्रश्न : दापोली तालुक्यात आमचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. ५०० केव्हीएचे दोन एकसारखे ट्रान्सफॉर्मर पॅरललमध्ये आहेत. मासेमारी बंदीच्या काळात लोड अगदी कमी होतो. तेव्हा एक बंद ठेवला तर वीज वाचेल ना?

उत्तर : वाचेल, पण किती ते बघून ठरवा. ट्रान्सफॉर्मरमध्ये एक नुकसान लोखंडातलं, ते तो चालू असला की चोवीस तास तेवढंच, लोड असो नसो. दुसरं तांब्यातलं, ते करंटच्या वर्गाने कमीजास्त होतं. समजा तुमच्या एकाचं लोखंडातलं ५०० वॅट आणि पूर्ण लोडला तांब्यातलं ५००० वॅट आहे, खरे आकडे तुमच्या टेस्ट रिपोर्टवर असतील ते घाला. मग एकूण लोड २२४ केव्हीए असताना एक चालवा किंवा दोन चालवा, नुकसान सारखंच येतं, १५०० वॅट. त्याच्या खाली एक चालवणं फायद्याचं आणि त्याच्या वर दोन. १ जून ते ३१ जुलै या बंदीत तुम्ही नक्कीच खाली असणार.

पण हे दोन महिने म्हणजे आपला ऐन पाऊस. बंद ट्रान्सफॉर्मर थंड होतो, तेल आकसतं, ब्रीदरमधून (हवा आतबाहेर जायच्या नळीतून) बाहेरची ओली हवा आत ओढली जाते, तिथली ओल शोषणारी सिलिका जेल निळ्याची गुलाबी व्हायला इथे वेळ लागत नाही, आणि एकदा जेल थकली की पाणी थेट तेलात. मग ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की तुम्ही घाईघाईने तो चार्ज करणार. म्हणून माझं मत असं आहे की त्याचा एलटीचा ब्रेकर उघडा ठेवा पण ११ केव्हीची बाजू चालू राहू दे, नुसता चार्ज ठेवायचा. खर्च किती? ५०० वॅट म्हणजे दिवसाला १२ युनिट, ६१ दिवसांचे ७३२ युनिट. तेलाचं फिल्टरेशन करून घ्यायला याहून कितीतरी जास्त लागतं, आणि वाइंडिंग ओलं झालं तर बोलायलाच नको. किंवा दोघांना आठ-आठ दिवसांनी आलटून पालटून लोडवर घ्या.

पूर्ण बंद ठेवायचाच असेल तर पुन्हा चार्ज करण्याआधी तेल किती व्होल्टेज सोसतं त्याची बीडीव्ही टेस्ट करा, अडीच मिलिमीटरच्या गॅपवर ३० केव्हीच्या खाली आली तर चार्ज करू नका, फिल्टर करा. मेगर घ्या, म्हणजे इन्शुलेशन मोजा. बुशिंगवर खाऱ्या वाऱ्याने बसलेला मिठाचा थर ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसून काढा, जोराच्या पावसात तो धुऊन जातो पण शेडच्या आडोशाला असलेल्या बुशिंगवर तसाच राहतो आणि पहिल्या दमट रात्री तिथूनच ठिणग्या सुरू होतात. हे सगळं अर्थातच सप्लाय बंद करून, अर्थिंग लावून.

प्रश्न : मी कुडाळला इलेक्ट्रिकल डिप्लोमाला आहे. वेगवेगळ्या केव्हीएचे ट्रान्सफॉर्मर पॅरलल करायचे तर टक्के इंपिडन्स सारखे पाहिजेत असं पुस्तकात आहे. पण टक्के सारखे म्हणजे ओहम वेगळे झाले ना? मग लोड सारखा कसा?

उत्तर : लोड सारखा व्हायलाच नको आहे, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे व्हायला पाहिजे. ३१५ आणि ५०० दोन्ही साडेचार टक्क्यांचे घे आणि ४३३ च्या बाजूला ओहम काढ. ३१५ चे येतील २६.८ मिलिओहम, ५०० चे १६.९. मोठ्याची अडवणूक कमी, आणि बरोबर ३१५ ला ५०० या प्रमाणातच कमी, म्हणून करंटही त्याच प्रमाणात वाटला जातो आणि दोघेही एकाच वेळी १०० टक्क्यांवर पोचतात. ओहम सारखे ठेवलेस तर दोघांवर सारखाच करंट येईल आणि छोटा आधी जळेल.

हा टक्का येतो कुठून ते लॅबमध्ये स्वतः करून बघ म्हणजे विसरणार नाहीस. एलटीची बाजू जाड पट्टीने शॉर्ट करायची, एचटीला शून्यापासून हळूहळू व्होल्टेज वाढवायचं आणि पूर्ण करंट वाहायला लागला की थांबायचं. ११ केव्हीच्या साडेचार टक्केवाल्यावर ते ४९५ व्होल्टला होतं. ११००० चे ४९५ म्हणजेच साडेचार टक्के. कॉलेजातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर आकडे वेगळे येतील पण पद्धत हीच.

अजून एक, टक्के जुळले तरी त्यात रेझिस्टन्स किती आणि रिअॅक्टन्स किती हे प्रमाणही जवळचं असावं लागतं, नाहीतर दोघांचे करंट एकमेकांपासून थोडे तिरपे होतात आणि त्यांची बेरीज साध्या बेरजेपेक्षा कमी भरते. फार लहान आणि फार मोठा जोडायचा नाही, एकास तीनच्या आत ठेवायचं असं सांगतात, ते यामुळेच. आणि लॅबमध्ये दोन ट्रान्सफॉर्मर जोडशील तेव्हा सरांना सांगून मधल्या स्विचवर आधी व्होल्टमीटर लाव, शून्य दिसल्यावरच स्विच ओढ.